देणगी पगारावर गेली तर बिघडलं कुठे?

रानजाई

आमचा कॉलेजच्या मित्रमैत्रिणींचा एक गट आहे. दिवाळीच्या आधी सगळे मिळून पैसे काढतो आणि एक-दोन संस्थांना देतो. रक्कम फार मोठी नसते, पण एखाद्या छोट्या संस्थेचा एक कार्यकर्ता वर्षभर निभावून जाईल इतकी होते. यंदा नेमकं यावरूनच फाटलं. एका संस्थेने स्पष्ट लिहून पाठवलं: वस्तू नकोत, गावात फिरणाऱ्या दोन ताईंचं मानधन आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंचा पगार नि प्रवासखर्च द्या. ग्रुपवर लगेच सूर निघाला, "आपले कष्टाचे पैसे पगारात का घालवायचे? त्यापेक्षा शाळेला टॅब देऊ, आपलं नाव तरी लागेल."

माझं मत आधीच सांगून टाकते, उगाच तटस्थपणाचा आव नको. या कामांत पगार हाच मुख्य खर्च असतो आणि तोच द्यायला कोणी तयार नसतं. संस्थांच्या कामाचा परिणाम दिसत नाही म्हणून आपण जी ओरड करतो, तिचं निम्मं कारण आपल्याच या सवयीत आहे.

गडचिरोलीचं उदाहरण घेते, कारण तिथले आकडे जगाने तपासलेत. 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात नवजात बाळांच्या मृत्यूवर काम सुरू केलं. जंतुसंसर्ग झालेलं तान्हं बाळ दवाखान्यातच न्यायला हवं, अशी तेव्हाची ठाम समजूत. पण तिथली बाळं घरीच जन्मायची आणि दगावायचीही घरीच. मग ३९ गावांत गावातलीच एकेक बाई तयार केली, आरोग्यदूत म्हणून. ती बाळंतपणाला हजर राहणार, बाळाचं वजन करणार, अंग गार पडलंय का बघणार, मिनिटाला श्वास किती ते मोजणार, बाळ रडलं नाही तर मास्क लावून हवा देणार आणि संसर्गाची लक्षणं दिसली तर आईबापांना विचारून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा देणार. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता, आणि खर्च एका बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास.

वस्तू म्हणाल तर यात वजनकाटा, थर्मामीटर, मास्क, थोडी औषधं. बाजारात मिळतात. बाजारात मिळत नाही ती त्या बाईची तयारी, तिच्या चुका वेळीच पकडणारा देखरेखवाला आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची इमानेइतबारे ठेवलेली नोंद. आमच्या ग्रुपच्या हिशेबात हे तिन्ही 'वरखर्च'! २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. प्रसूती घरी झाली तर ४२ दिवसांत सात भेटी, दवाखान्यात झाली तर सहा. सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. (त्यावर एक वेगळा धागा निघेल.)

तर तुम्ही देणगी देताना काय बघता? काय विचारता?

नाठाळ

बंग दांपत्याचं उदाहरण देऊन पगाराला पैसे मागणं म्हणजे सचिनचं नाव सांगून गल्लीतल्या क्लबसाठी वर्गणी गोळा करणं आहे.

आमच्या तालुक्याच्या गावात एक ट्रस्ट होता. अध्यक्ष सासरे, सचिव सूनबाई, गाडी संस्थेची आणि त्या गाडीतून नातवंडं शिकवणीला. पगार सगळे घरातच. तिथे "पगार हाच मुख्य खर्च" हे वाक्य त्यांनीही टाळ्या वाजवून मान्य केलं असतं. सामान्य माणसाकडे तपासायला दुसरं काय आहे? शंभरातले किती गरिबापर्यंत पोचले, एवढंच तो विचारू शकतो. टॅब निदान डोळ्यांना दिसतो.

ताळेबंद

नाठाळराव, दुखणं खरं आहे, औषध चुकलंय. गेली बरीच वर्षं मी लहान-मोठ्या संस्थांचे हिशेब लिहितो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

"शंभरातले पंच्याण्णव थेट लाभार्थ्यांना" हा आकडा काढणं माझ्यासारख्याच्या डाव्या हातचा मळ आहे. देखरेख करणाऱ्या बाईंचा पगार 'कार्यक्रम खर्च' या सदरात टाकायचा. कार्यालयाच्या भाड्याला 'प्रशिक्षण केंद्राचं भाडं' म्हणायचं. वीजबिल तीन प्रकल्पांत वाटून टाकायचं. यातलं बरंचसं बेकायदाही नाही, कारण ती बाई खरोखरच कार्यक्रमाचं काम करत असते. त्यामुळे टक्केवारीवरून संस्थेबद्दल काही कळत नाही, हिशेबनिसाबद्दल कळतं. आणि ज्या संस्थेकडे बरा हिशेबनीस ठेवायला पैसे नाहीत, नेमकी तिचीच टक्केवारी वाईट दिसते.

वरखर्च म्हणजे चैन, ही समजूत तर काढूनच टाका. १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) यांची नोंदणी आता ठरावीक वर्षांनी नव्याने करावी लागते. देणगीदारांचं विवरणपत्र १०बीडी मे अखेर भरायचं, ते भरल्याशिवाय तुम्हाला देणगीचं १०बीई प्रमाणपत्र मिळत नाही. एखादा विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, त्याच्या तारखा, वकील. लेखापरीक्षण वेगळंच. हे कोण करणार? संस्थापक डॉक्टर असेल तर रात्री जागून तोच करतो, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत पेंगतो.

परदेशी निधीचा तर पुरता गळा आवळलाय. २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा पुढे देणंही बंद केलं. पूर्वी एखादी मोठी संस्था निधी आणून खेड्यातल्या चार छोट्या मंडळांना पुरवायची. ती वाट बुजली.

सूनबाई सचिव असण्यावर उपाय टक्केवारीत नाही. लेखापरीक्षित हिशेबासोबतची परिशिष्टं मागा. विश्वस्तांना आणि त्यांच्या नातेवाइकांना काय दिलं, हा प्रश्न लेखापरीक्षकाला विचारलेलाच असतो. त्याचं उत्तर वाचा. संस्था परिशिष्टं द्यायला का-कू करू लागली की तुम्हाला उत्तर मिळालंच.

खडूफळा

टॅबचा विषय निघालाच आहे तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाकडून ऐका. आमच्याकडे टॅब आले. कपाटात आहेत. चार्जर पावसाळ्यात गेले, दोन टॅबची काच तडकली, ते जमा कुठे करायचे ते माहीत नाही आणि नोंदवहीत ते चालू आहेत. देणाऱ्यांनी नंतर फोन केला नाही. उद्घाटनाला मात्र मंडप होता.

उलट 'प्रथम'चं बघा. १९९५ ला मुंबईतल्या वस्त्यांमधून सुरू झालेली संस्था. मुलं काय शिकली हे बघणाऱ्या त्यांच्या 'असर' पाहणीतली भाषेची चाचणी म्हणजे एक साधा कागद: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडखळतं तिथून शिकवायचं, इयत्ता कोणतीही असो. २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याच मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता येत होती. कोविडनंतर २०२२ ला तो आकडा आणखी घसरून ४३ टक्क्यांच्या आसपास आला.

रानजाई यांच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर बिहारमध्ये या पद्धतीची फार नेटकी परीक्षा झाली. काही शाळांना नुसतं साहित्य दिलं, काहींना साहित्य आणि शिक्षकांचं प्रशिक्षण, काहींना याशिवाय गावातले स्वयंसेवकही. नुसत्या साहित्याने काहीही झालं नाही. फरक पडला तो जिथे स्वयंसेवक मुलांना घेऊन बसले तिथे. पुढे हरियाणात सरकारी शिक्षकांकडूनही हे जमलं, पण कधी? दिवसातला ठरावीक वेळ फक्त यासाठी राखून ठेवला आणि वर्गात येऊन बघणारं माणूस नेमलं तेव्हा. पुन्हा माणूसच!

आणि हो, ते टॅब कुणाला हवे असतील तर सांगा ;)

मधली_फळी

मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजकामावर करायचा खर्च बघणाऱ्या. नाव सांगत नाही, नोकरी प्रिय आहे.

पहिला गैरसमज. "सीएसआरमध्ये संस्थेला ५ टक्क्यांहून जास्त प्रशासकीय खर्च देता येत नाही" हे मी संस्थांच्या तोंडून ऐकते, कंपन्यांच्या तोंडूनही ऐकते आणि दोघंही चूक असतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. माझा पगार त्यात येतो. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं हा खर्च नियमाच्या व्याख्येतूनच वगळलाय. तरीही आमच्याकडे एक्सेलच्या नमुन्यातच ५ टक्क्यांचा रकाना आहे. तो कुणी घातला ते आता कुणालाच आठवत नाही, आणि काढायचं धाडस कुणाला होत नाही.

दुसरं, वेळापत्रक. कायद्यात 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे, सुरू झालं ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम नेता येतं, न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. पण ते खातं, त्याचे खुलासे, संचालक मंडळापुढची टिपणी नको म्हणून बहुतेकांना सगळं ३१ मार्चच्या आत संपवायचं असतं. जानेवारीत प्रस्ताव, फेब्रुवारीत मंजुरी, मार्चमध्ये पैसे आणि मार्चमध्येच ते खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र. तीन आठवड्यांत काय खर्च करता येतं? बाकं, दप्तरं, सायकली, वॉटर प्युरिफायर. आरोग्यसेविकेचा पगार तीन आठवड्यांत खर्च करता येत नाही. देशात सीएसआरचे २०२२-२३ मध्ये ३० हजार कोटींच्या घरात खर्च झाले आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला सगळ्यात जास्त आले. त्यातला केवढा मार्चच्या बाकड्यांत बसला असेल, विचार करा.

परिणाम मोजण्याचं म्हणाल, तर परिणाम मूल्यमापनाची सक्ती मोठ्यांनाच आहे. आधीच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर असलेली कंपनी आणि त्यातही १ कोटी किंवा जास्तीचे, पूर्ण होऊन वर्ष उलटलेले प्रकल्प. तेही काम संपल्यावर एजन्सी येते, लाभार्थ्यांना "तुम्हाला फायदा झाला का?" विचारते. समोर बसलेला माणूस नाही कशाला म्हणेल? सुरुवातीची स्थिती कुणी नोंदवलेलीच नसते. गडचिरोलीतली ती तुलनेची ४७ गावं अशा अहवालांत कुठून आणणार?

नाठाळ

ताळेबंद, परिशिष्टांची युक्ती झकास. हे माहीत नव्हतं. मधली_फळी, त्या रकान्याची जन्मकथा शोधा, लेख होईल.

वाशिष्ठी

आयडीवरून कळलं असेलच, मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं, उतरलं आणि मग मदतीचे ट्रक सुरू झाले. मदत करणाऱ्यांचे उपकार आहेतच, ते कधी विसरणार नाही. पण काय आलं ते सांगते. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आणि कपडे. कपडे म्हणजे लग्नातला शालू, मळकी स्वेटरं, एकाच पायाचा बूट. आमच्या आळीत ओल्या गाद्यांच्या ढिगाशेजारी कपड्यांचा दुसरा ढीग झाला, आणि तो उचलायलाही माणसं लागली.

घरात गुडघाभर चिखल. हवी होती फावडी, घमेली, खराटे, गमबूट, पाण्याचा उपसा करायला पंप, आणि मोटारी, फ्रीज उघडून दुरुस्त करणारे कारागीर. एका गटाने आधी फोन करून विचारलं, "काय पाठवू?" त्या एकाच गटाचं सामान पहिल्या तासात कामाला लागलं. दुकानदारांना आठवड्यानंतर रोख पैशांची निकड होती, तेव्हा ट्रक थांबले होते.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही रस्त्याकडेला असेच कपड्यांचे डोंगर पडले होते. 'गूंज' या संस्थेने ते निवडून, धुऊन, कापून कामाला लावले. म्हणजे फुकट आलेल्या कपड्यावरही निवडणारे हात, गोदाम, वाहतूक यांचा खर्च असतोच. जुने कपडे देताना त्या खर्चासाठी पैसे किती जण जोडतात?

बे_एरियातला_बंड्या

धागा वाचनखुणेत टाकला. इथे आमच्या मंडळातही दरवर्षी हीच चर्चा, फक्त टॅबऐवजी ई-लर्निंग किट म्हणतात.

मोजमापाबद्दल एक माझं आवडतं उदाहरण. राजस्थानात उदयपूर भागात 'सेवा मंदिर' संस्थेने लसीकरणाचा प्रयोग केला. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत संपूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं तिथे १८. आणि शिबिराला येणाऱ्या आईला दर खेपेला किलोभर डाळ, सगळे डोस पुरे झाल्यावर स्टीलची ताटं दिली तिथे ३९. डाळ वाटूनही एका मुलामागचा खर्च घटला, कारण नर्सचा दिवसाचा पगार पाच मुलं आली तरी तेवढाच आणि वीस आली तरी तेवढाच. हे मोजल्याशिवाय कुणाला सुचलं असतं? सगळे म्हणाले असते की डाळ म्हणजे उधळपट्टी.

आता एक व्यवहारातली शंका. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, बायको अमेरिकन नागरिक झाली. एफसीआरए नोंदणी नसलेल्या छोट्या संस्थेला आम्ही देऊ शकतो का?

ताळेबंद

बंड्या, तुम्ही भारतीय नागरिक म्हणून स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी निधी धरले जात नाहीत. सोबत पासपोर्टची प्रत द्या, संस्थेच्या फायलीला बरं पडतं. सौभाग्यवतींचे पैसे मात्र विदेशी. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी विदेशीच. ते एफसीआरए असलेल्या संस्थेलाच, आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच. जोडखात्यातून पाठवू नका, निस्तरता निस्तरत नाही.

वैनगंगा

इतका वेळ नुसता वाचत होतो. मोजण्याचा उत्साह फार झाला म्हणून लिहितो. मीही गडचिरोलीचंच उदाहरण देतो.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). ऐंशीच्या दशकापासून तिथे अभ्यासगट चालायचे. लोक बसायचे, जंगलाच्या कायद्यावर बोलायचे, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, पुन्हा बोलायचे. निर्णय बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने, म्हणजे आणखी वेळ. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांची नावं इथे अनेकांना माहीत असतील. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला, २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणारी जी अगदी पहिली गावं, त्यांतलं हे एक. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. तो २०११ ला मिळाला, केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा.

आता सांगा, १९९५ साली एखाद्या कंपनीच्या ताईंनी विचारलं असतं की या तिमाहीत निष्पत्ती काय, तर गावाने काय लिहिलं असतं? "बैठका झाल्या. चहा झाला." एकही दप्तर वाटलं नाही. शेजारचं गाव 'तुलनेसाठी' ठेवा म्हटलं असतं तर त्या गावाने हाकलून दिलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

बाळाचा जीव वाचला का हे मोजता येतं, मोजायलाच हवं. गावात मान वर करून तहसीलदाराशी बोलायची धमक आली का, ते तीन वर्षांच्या प्रकल्पात मोजायला गेलात तर मोजता येईल तेवढंच काम संस्था करू लागतात. ग्रामसभेत बाया बोलतात की नाही, यापेक्षा हजेरीपटावर किती अंगठे हेच महत्त्वाचं होऊन बसतं. मी हे फार जवळून बघतोय.

बे_एरियातला_बंड्या

वैनगंगा, मान्य. पण मग देणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? पंचवीस वर्षं नुसत्या चहाला पैसे देत बसायचं?

वैनगंगा

जाऊन बसा. ग्रामसभा कुणालाही बघता येते. कार्यकर्ता न बोलता सभा चालते का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. कार्यकर्ताच सगळं बोलत असेल तर पैसे थांबवा. आणि चहा गाव पाजतं, त्याचे पैसे नकोत.

मधली_फळी

हे वाक्य मी आमच्या भेटीच्या तपासणी यादीत घालणार आहे. रकाना कोणता द्यायचा ते बघते.

रानजाई

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल ग्रुपची बैठक झाली, तिथे खडूफळा आणि वाशिष्ठी यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. टॅबवाले थोडे गप्प झाले, सगळे नाही. ठरलं ते असं: त्या देखरेख करणाऱ्या बाईंचा पगार आणि एसटी-दुचाकीचा खर्च आम्ही द्यायचा, एका वर्षापुरता नाही, तीन वर्षं. दोन मित्रांना हे अजिबात पटलेलं नाही, ते आपला वाटा शाळेलाच देणार आहेत. देऊ देत.

आमच्यातल्या एकाचा आग्रह आहे की दर महिन्याला फोटो आणि अहवाल मागवावा. मला ते जाचक वाटतं. वर्षातून एकदा, त्यांच्या ऑडिटबरोबर जे तयार होतं तेच द्या म्हणावं, आणि वर्षभरात काय जमलं नाही ते एका पानावर लिहा म्हणावं. जे फसलं ते लिहिणारी संस्था मला जास्त भरवशाची वाटते. पण असं लिहिलं तर पुढच्या वर्षी पैसे बंद होतील ही भीती त्यांना असणारच, म्हणून तीन वर्षांचं वचन आधीच लेखी देतोय. ताळेबंद, यात कागदोपत्री काही अडचण?

ताळेबंद

काही नाही. साध्या पत्रावर रक्कम, किती वर्षं आणि 'संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी' असा उल्लेख करा. 'अमुक बाईंच्या पगारासाठी' असं लिहू नका. त्या बाई मध्येच सोडून गेल्या तर संस्थेला तुमची परवानगी मागत बसावं लागेल, आणि जागा रिकामी राहील. रोख देऊ नका, २ हजारांच्या वर रोख दिलेल्याला ८०जी लागू होत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती वजावट एरवीही मिळत नाही, हे ग्रुपवर आधीच सांगा, नाहीतर जुलैत सगळे त्या संस्थेलाच फोन करतील.

आणि हप्ता दिवाळीऐवजी एप्रिलमध्ये देता आला तर बघा. मार्चमध्ये सगळ्यांचे पैसे येतात, एप्रिल ते जुलै खातं कोरडं असतं. गावातल्या ताईंचं मानधन थकतं ते याच महिन्यांत.